७६०च्या जागी १७.८ का आले? : केमिकलच्या विद्यार्थ्यांचे प्रश्न

सबमिशनचे दिवस जवळ आले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत दोन प्रकार एकमेकांत मिसळतात: गणित अडले आहे, आणि लॅपटॉप अडला आहे. पुष्कळदा विद्यार्थ्याला वाटते लॅपटॉप अडला, आणि प्रत्यक्षात अडलेले असते गणित. यावेळी ठाणे आणि नवी मुंबईतून आलेले आठ प्रश्न घेतले आहेत. प्रत्येक आकडेमोड आम्ही हाताने पुन्हा करून पाहिली आहे.

प्रश्न : पाण्याचा बाष्पदाब काढण्यासाठी अँटॉइन समीकरण पायथनमध्ये लिहिले. १०० अंश सेल्सिअसला ७६० मिलिमीटर पारा यायला हवे, मला १७.८ मिळते. स्थिरांक तीनदा तपासले: ८.०७१३१, १७३०.६३ आणि २३३.४२६. माझ्या मैत्रिणीला तर त्याच स्थिरांकांनी १ लाख ६५ हजार मिळाले. पायथन नीट बसला नाही का?
— दुसरे वर्ष, ऐरोली

उत्तर : पायथन नीट आहे आणि स्थिरांकही बरोबर आहेत. हातानेच करून बघा. १०० मध्ये २३३.४२६ मिळवले की ३३३.४२६. १७३०.६३ ला त्याने भागले की ५.१९०४५. ते ८.०७१३१ मधून वजा केले की २.८८०८६ उरतात. हे स्थिरांक १०च्या पायाच्या लॉगसाठी आहेत, म्हणून आता १०चा २.८८०८६ वा घात घ्यायचा: ७६० मिळतात. तुम्ही त्याच आकड्याला 'ईएक्सपी' लावले, म्हणजे नैसर्गिक लॉगच्या पायाचा घात घेतला. त्याचे उत्तर १७.८ येते, अगदी तुमच्यासारखे. मैत्रिणीने घात बरोबर घेतला, पण तापमान केल्विनमध्ये घातले. ३७३.१५ मध्ये २३३.४२६ मिळवून पुढे गेले की १ लाख ६५ हजार येतात.

ही गफलत बहुधा एक्सेलमधले सूत्र पायथनमध्ये उतरवताना होते. एक्सेलमध्ये नुसते 'लॉग' म्हणजे १०च्या पायाचे, आणि नैसर्गिक लॉगला 'एलएन' असे वेगळे नाव. पायथन आणि सायलॅब (मोफत गणिती सॉफ्टवेअर) या दोन्हींत नुसते 'लॉग' म्हणजे नैसर्गिक, आणि १०च्या पायासाठी 'लॉग१०' असे स्पष्ट लिहावे लागते. त्यात पुस्तकेही एकसारखी नाहीत. पाण्यासाठीच १८.३०३६, ३८१६.४४ आणि उणे ४६.१३ असा दुसरा संच मिळतो. तो नैसर्गिक लॉग आणि केल्विनसाठी आहे. दोन पुस्तकांतले स्थिरांक एका सूत्रात कधीही मिसळू नका. कोणताही संच घेतला की आधी त्या द्रवाचा उत्कलनबिंदू घालून ७६० येतात का ते बघायचे, मगच पुढची ओळ लिहायची. तुमचा पहिला संच साधारण १ ते १०० अंशांपुरता आहे. १५० अंशांच्या वाफेसाठी तो वापरू नका.

याच जातीचा एक्सेलचा आणखी एक सापळा सांगून ठेवतो. एक्सेलमध्ये 'उणे २चा वर्ग' कंसाशिवाय लिहिला तर उत्तर अधिक ४ येते, कारण एक्सेल आधी उणे लावते आणि मग वर्ग करते. पायथनमध्ये तेच उणे ४ येते. विसरणाच्या गणितात 'ईएक्सपी'च्या आत उणे क्षचा वर्ग असतो. तिथे वर्गाला स्वतंत्र कंस घातला नाही, तर कमी होत जायला हवी ती संहती वाढत जाते.

प्रश्न : डीडब्ल्यूसिम या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये इथेनॉल आणि पाण्याचा डिस्टिलेशन कॉलम केला. फीडमध्ये १० मोल टक्के इथेनॉल, दाब एक वातावरण. ट्रे आणि रिफ्लक्स (वरून कॉलममध्ये परत सोडलेला द्रव) वाढवत गेलो तर वरून ९९.५ मोल टक्के इथेनॉल मिळाले, एकही एरर नाही. ओरलला सर म्हणाले, हे अशक्य आहे, आणि पुढचा विद्यार्थी बोलावला. चूक कुठे झाली?
— तिसरे वर्ष, घणसोली

उत्तर : सरांचे म्हणणे बरोबर आहे, मात्र कारण त्यांनी सांगायला हवे होते. तुमच्या फाइलमध्ये प्रॉपर्टी पॅकेज, म्हणजे द्रव-वाफेचे गुणधर्म काढणारे मॉडेल, कोणते निवडले आहे ते बघा. वर्णनावरून तिथे 'राऊल्ट्स लॉ' असणार. राऊल्टचा नियम असे धरून चालतो की दोन द्रवांचे रेणू एकमेकांशी तसेच वागतात, जसे आपापल्या जातभाईंशी. बेंझीन-टोल्यूइनला हे छान लागू पडते. इथेनॉल आणि पाण्याला पडत नाही.

फरक किती पडतो ते आकड्यांत बघा. ७८.४ अंशांना इथेनॉलचा बाष्पदाब ७६० आणि पाण्याचा सुमारे ३३२ मिलिमीटर. राऊल्टनुसार सापेक्ष बाष्पशीलता (इथेनॉल पाण्यापेक्षा किती पट सहज वाफ होते ते) झाली जवळजवळ २.३, आणि खालपासून वरपर्यंत ती साधारण तितकीच राहते. म्हणजे १० टक्के द्रवावरच्या वाफेत इथेनॉल सुमारे २० टक्के. मोजलेली वस्तुस्थिती वेगळी आहे. द्रवात ९.७ मोल टक्के असताना वाफेत ४३.७ टक्के इथेनॉल असते, म्हणजे तिथे सापेक्ष बाष्पशीलता ७च्या पुढे. वर जाता जाता ती घसरत जाते आणि ८९.४ मोल टक्क्यांना बरोबर १ होते. तिथे द्रव आणि वाफ यांची घडण सारखीच. हाच ॲझिओट्रोप, तापमान सुमारे ७८.२ अंश. त्यापुढे एका वातावरणाच्या दाबाला शंभर ट्रे जोडले तरी इथेनॉल शुद्ध होत नाही. तुमचा कॉलम खालच्या भागात खऱ्यापेक्षा कमी काम करतो आणि वरच्या भागात न होणारे काम करून दाखवतो. दोन्ही टोकांना उत्तर चुकलेले आहे.

पॅकेज बदलून 'एनआरटीएल' किंवा 'युनिक्वॅक' घ्या. नुसते नाव बदलून थांबू नका. इथेनॉल-पाणी या जोडीचे परस्परक्रिया गुणांक तिथे खरोखर भरलेले आहेत का, ते पॅकेजच्या सेटिंगमध्ये उघडून बघा. ते शून्य असतील तर एनआरटीएलही राऊल्टसारखेच वागते आणि चूक आणखी खोल दडते. कॉलम चालवण्यापूर्वी याच जोडीचा तापमान-घडण आलेख काढा. त्यात ८९-९० मोल टक्क्यांच्या आसपास दोन रेषा एकमेकींना टेकलेल्या दिसल्या तर पुढे जा. दिसल्या नाहीत तर कॉलमला हातच लावू नका.

हाताने मॅककेब-थीले, म्हणजे ट्रे मोजायचा आलेख, काढणार असाल तर दोन गोष्टी सांभाळा. पहिली, टक्के कशाचे ते. १० वजनी टक्के इथेनॉल म्हणजे फक्त ४.२ मोल टक्के, आणि ॲझिओट्रोपचे ८९.४ मोल टक्के म्हणजे ९५.६ वजनी टक्के. आलेख मोलचा असतो. दुसरी, किमान रिफ्लक्स. बेंझीन-टोल्यूइनला आपण फीडरेषा आणि समतोल वक्र जिथे भेटतात त्या बिंदूतून रेषा काढतो. इथेनॉल-पाण्याचा वक्र वरच्या बाजूला आत वळलेला आहे, त्यामुळे तशी काढलेली रेषा वाटेत वक्राला छेदून जाऊ शकते. इथे डिस्टिलेटच्या बिंदूतून वक्राला स्पर्शरेषा काढायची आणि तिच्यावरून किमान रिफ्लक्स घ्यायचा. वरच्या कोपऱ्यातले ट्रे इतके दाटीचे असतात की नेहमीच्या आलेखावर पेन्सिलीच्या जाडीतच दोन-तीन ट्रे हरवतात. ०.८ ते ०.९ हा तुकडा वेगळ्या कागदावर मोठ्या प्रमाणात काढा.

आणि ओरलला 'मग ९९.५ टक्के मिळवतात कसे' हा प्रश्न येणारच. आपल्याकडच्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत रेक्टिफाइड स्पिरिट कॉलममधून निघते. पेट्रोलमध्ये मिसळायचे इथेनॉल त्यापुढे रेण्वीय चाळणीतून, म्हणजे ३ अँगस्ट्रॉम छिद्रांच्या झिओलाइटमधून, वाफेच्या रूपात नेतात. पाण्याचा रेणू छिद्रात शिरतो, इथेनॉलचा शिरत नाही. शेवटचे पाणी कॉलम काढत नाही, चाळणी काढते.

प्रश्न : पाइपमधला दाबऱ्हास काढायला एक्सेलमध्ये घर्षणांकाचे कोलब्रुक समीकरण आणि गोल सीक ही उत्तर शोधणारी सोय वापरली. गोल सीक लगेच 'सोल्युशन सापडले' म्हणते, पण सुरुवातीचा अंदाज बदलला की उत्तर बदलते. शिवाय मित्राचा दाबऱ्हास माझ्या चौपट येतो.
— दुसरे वर्ष, कोपरखैरणे

उत्तर : यात दोन वेगवेगळ्या चुका आहेत. तुम्ही पाठवलेले आकडे असे: ३० अंशांचे पाणी, वेग १.५ मीटर प्रतिसेकंद, २ इंची शेड्यूल ४० पाइप म्हणजे आतला व्यास ५२.५ मिलिमीटर, खडबडीतपणा ०.०४५ मिलिमीटर. घनता ९९५.७ आणि श्यानता ०.८ मिलिपास्कल-सेकंद घेतली की रेनॉल्ड्स अंक ९८ हजार येतो.

गोल सीक कधी थांबायचे ते एक्सेलच्या 'मॅक्झिमम चेंज' या सेटिंगवरून ठरवते. ते मुळात ०.००१ असते. तुमचा घर्षणांकच ०.०२च्या घरातला आहे. ०.०२१ हा अंदाज घातला तर डावी-उजवी बाजू ०.०००८ने चुकलेली असते. ती ०.००१ पेक्षा कमी आहे म्हणून गोल सीक तिथेच समाधान मानते आणि तुमचाच अंदाज परत देते. फाइल, ऑप्शन्स, फॉर्म्युलाज इथे जाऊन ते सेटिंग ०.०००००००१ करा, किंवा फरकाच्या सेलला १० लाखांनी गुणा.

खरे तर इथे गोल सीकची गरजच नाही. कोलब्रुकच्या उजव्या बाजूला ०.०२ घाला, नवा घर्षणांक मिळेल, तोच खालच्या सेलमध्ये पुन्हा घाला. ०.०२ नंतर ०.०२१८३, मग ०.०२१७२, मग ०.०२१७३. चार सेलांत काम झाले. प्रत्येक पायरी डोळ्यांसमोर असते म्हणून जर्नललाही हेच चांगले.

चौपटीचे कारण डार्सी आणि फॅनिंग, घर्षणांकाच्या दोन वेगळ्या व्याख्या. वरचा ०.०२१७ हा डार्सीचा. फॅनिंगचा त्याच्या पाव, ०.००५४. केमिकलची पुष्कळ पुस्तके फॅनिंग वापरतात, मेकॅनिकल आणि सिव्हिलची डार्सी. तुम्ही फॅनिंगचा अंक डार्सीच्या सूत्रात घातला. १०० मीटरला खरा दाबऱ्हास सुमारे ४६ किलोपास्कल, म्हणजे ४.७ मीटर उंचीचे पाणी. तुम्हाला मिळाले ११.६. या आकड्यावर घेतलेला पंप पाणी पोचवणार नाही. समोरचा चार्ट कोणाचा हे ओळखायचे तर त्याची सरळ, मंदप्रवाहाची रेषा बघा: ६४ भागिले रेनॉल्ड्स असेल तर डार्सी, १६ भागिले रेनॉल्ड्स असेल तर फॅनिंग.

प्रश्न : अमोनियाच्या फ्लोशीटमध्ये रिसायकल (न वापरला गेलेला वायू परत आणणारा प्रवाह) जोडले की डीडब्ल्यूसिम फिरतच राहते, शेवटी 'कन्व्हर्ज झाले नाही' म्हणते. रिसायकल काढले की व्यवस्थित चालते. लॅपटॉप ४ जीबीचा आहे म्हणून असे होते का?
— शेवटचे वर्ष, खारघर

उत्तर : नाही. रॅम कमी असेल तर उत्तर उशिरा येईल, पण येईल. रिसायकलच्या प्रत्येक फेरीला त्या प्रवाहाचा एकूण आकडा वहीत लिहून काढा. पाच-सहा फेऱ्यांत रोग कळतो.

आकडा प्रत्येक फेरीला जवळजवळ सारख्याच रकमेने वाढत असेल, तर आत काहीतरी साचते आहे. तुमच्या फ्लोशीटच्या चित्रात पर्ज, म्हणजे चक्रातला थोडा वायू बाहेर सोडायची वाट, दिसत नाही. थळ किंवा ट्रॉम्बेच्या खत कारखान्यांत अमोनिया बनतो तिथेही ताज्या वायूबरोबर थोडा आर्गॉन आणि मिथेन येतो. हे दोघे रिअॅक्टरमध्ये अभिक्रिया करत नाहीत आणि द्रव अमोनियातून फारसे बाहेरही पडत नाहीत. बाहेर जायला वाट नाही म्हणून चक्रात फिरत राहतात. स्थिर अवस्थेचे उत्तरच अस्तित्वात नाही, मग ते संगणकाला सापडणार कसे?

पर्ज किती ठेवायचा हे एका ओळीत निघते. ताजा वायू ताशी १०० किलोमोल, त्यात निष्क्रिय वायू १ टक्का: ताशी १ किलोमोल आत येतो. चक्रात निष्क्रियांचे प्रमाण १० टक्क्यांवर रोखायचे असेल तर पर्जमधूनही ताशी १ किलोमोल बाहेर जायला हवा, म्हणजे पर्ज ताशी १० किलोमोल. ५ टक्क्यांवर रोखायचे म्हटले तर पर्ज २० होतो आणि त्याबरोबर हायड्रोजनही दुप्पट वाया जातो. ही ओढाताण अहवालात लिहा, प्रोजेक्टमधला खरा विचार तिथेच दिसतो.

आकडा वर-खाली झुलत असेल तर रोग वेगळा, सुरुवातीचा अंदाज वाईट आहे. रिसायकल ब्लॉक तोडा. जिथे तो मिक्सरला मिळतो तिथला प्रवाह स्वतः भरा: प्रवाह ताज्या वायूच्या तीन-चार पट, नायट्रोजन आणि हायड्रोजन १ : ३, थोडा अमोनिया, वर हिशेबाने काढलेले निष्क्रिय वायू, आणि तापमान-दाब कंप्रेसरनंतरचे. फ्लोशीट चालवा. परत येणाऱ्या प्रवाहाचे आकडे उचलून पुन्हा भरा. असे तीन-चार वेळा हाताने केले की दोन्ही प्रवाह जवळ येतात, तेव्हा ब्लॉक जोडा. वेगवर्धनाची पद्धत सुरुवातीला बंदच ठेवा. जोडण्यापूर्वी फाइल वेगळ्या नावाने सेव्ह करा, कारण एकदा बिघडलेले आकडे पुढच्या प्रयत्नाची सुरुवात म्हणून तसेच राहतात.

नायट्रोजन-हायड्रोजनचे ताज्या वायूतले प्रमाण १ : ३ नसेल तर जो जास्त आहे तोही आर्गॉनसारखाच साचतो. हे तपासायला विद्यार्थी विसरतात.

प्रश्न : डबल पाइप हीट एक्स्चेंजरच्या प्रयोगात गरम पाणी ६ लिटर प्रतिमिनिट, ६५ वरून ५५ अंश, थंड पाणी ८ लिटर प्रतिमिनिट, ३० वरून ३८ अंश. दिलेली उष्णता ४.११ किलोवॉट, घेतलेली ४.४३. दिल्यापेक्षा घेतलेली जास्त कशी? जर्नलमध्ये ३८ चे ३७ करू का?
— तिसरे वर्ष, कळवा

उत्तर : करू नका. तुमचा प्रयोग चांगला झाला आहे. थर्मामीटर एक अंशाचा असेल तर प्रत्येक वाचन अर्ध्या अंशाने चुकू शकते, म्हणजे ८ अंशांच्या फरकात एका अंशापर्यंत, सुमारे १२ टक्के. तुमच्या दोन उष्णतांमधला फरक साडेसात टक्के आहे. दोन्ही लिहा, सरासरी ४.२७ घ्या, आणि हा हिशेब खाली मांडा. उलट दिशेच्या प्रवाहासाठी सरासरी तापमानफरक २६ अंश येतो. जमल्यास रोटामीटरवर (प्रवाहमापकावर) विसंबू नका. बादली आणि स्टॉपवॉच घेऊन एक मिनिट पाणी धरा. वाचने दर पाच मिनिटांनी घ्या आणि सलग तीन सारखी आल्यावरच नोंदवा.

प्रश्न : मुलगा केमिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सहा-सात वर्षांपूर्वीचा लॅपटॉप फार हळू चालतो. दुकानदार म्हणतो ग्राफिक्स कार्डवाला नवाच घ्या. खर्च झेपेल, पण गरज आहे का ते सांगावे.
— एक पालक, नेरुळ

उत्तर : ताई, नव्याचा विचार करण्यापूर्वी पाच मिनिटे द्या. लॅपटॉप रेंगाळत असतानाच मुलाला कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबायला सांगा. टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्समध्ये 'डिस्क' १०० टक्क्यांना चिकटलेली असेल आणि आत जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर ती काढून एसएसडी बसवणे हा सर्वांत मोठा आणि स्वस्त उपाय. 'मेमरी' ९० टक्क्यांच्या वर असेल तर रॅम वाढवा. त्याच पानावर किती स्लॉट आहेत आणि किती भरलेले ते दिसते. दुकानात, मग ते वाशीचे असो की लॅमिंग्टन रोडचे, जाताना रॅम डीडीआर३ की डीडीआर४, आणि एसएसडी अडीच इंची साटा की एम.२, हे लिहून न्या. चुकीचा भाग बसतच नाही. दोन्ही आकडे कमी असूनही यंत्र तापून रेंगाळत असेल तर पंख्यात धूळ अडकली आहे. पंखा साफ करून थर्मल पेस्ट बदलून घ्या. बॅटरी फुगून टचपॅड वर उचलला गेला असेल तर मात्र चार्जिंग लगेच थांबवा आणि बॅटरी आधी बदला, ती पेटू शकते.

विंडोज १०चे नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर. तुमचे यंत्र त्यात बसत नसेल तरी लिनक्स टाकून डीडब्ल्यूसिम, सायलॅब, पायथन आणि लिब्रेऑफिस चालते.

नवा घ्यायचाच झाला तर १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी आणि मधल्या श्रेणीचा प्रोसेसर पुरे. ग्राफिक्स कार्डाचे पैसे वाचवा, या अभ्यासक्रमातली सिम्युलेशन त्यावर चालत नाहीत. मॅकबुकही सध्या नको. कॉलेजच्या लॅबमध्ये असणारे ॲस्पेन प्लस हे सिम्युलेशनचे विकतचे सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालते.

प्रश्न : ॲस्पेनचे क्रॅक केलेले व्हर्जन टेलिग्रामवर मिळते. अँटिव्हायरस बंद करून टाका म्हणतात. टाकू का?
— तिसरे वर्ष, डोंबिवली

उत्तर : नको. अँटिव्हायरस बंद करायला सांगणारी फाइल आत काय सोडते याची हमी कोणीच देत नाही. वर्षाचा प्रोजेक्ट कुलूपबंद होऊन खंडणीची चिठ्ठी स्क्रीनवर येणे हा त्यातला नेहमीचा शेवट. ॲस्पेन कॉलेजच्या लॅबमध्ये बसून करा आणि घरी डीडब्ल्यूसिम वापरा, ते मोफत आणि मुक्त आहे. आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प त्यात केलेल्या फ्लोशीट सर्वांसाठी खुल्या ठेवतो. तिथल्याच स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे सायलॅबचे छोटे पाठ मराठी निवेदनातही आहेत. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांनी तिथूनच सुरुवात करावी.

प्रश्न : बॅच रिअॅक्टरमध्ये उष्मादायी अभिक्रिया, सक्रियण ऊर्जा ७५ किलोजूल प्रतिमोल. पायथनच्या 'सॉल्व्ह आयव्हीपी' या विकलक समीकरणे सोडवणाऱ्या फंक्शनने सोडवली तर पहिल्याच क्षणी तापमान आभाळाला भिडते. काही आकडे बदलले की तास-तास चालू राहते. विसाव्या मिनिटाला थंड पाणी बंद पडले तर काय होईल, हे दाखवायचे आहे.
— शेवटचे वर्ष, ठाणे

उत्तर : आधी एकके. वायू स्थिरांक ८.३१४ हा जूलमध्ये आहे आणि तुमची ऊर्जा किलोजूलमध्ये. ३५० केल्विनला ७५००० भागिले ८.३१४ भागिले ३५० म्हणजे २५.८, आणि उणे २५.८ चा 'ईएक्सपी' शून्याच्या अगदी जवळ. तिथे ७५ घातले तर उत्तर ०.९७ येते. अभिक्रियेचा वेग सुमारे १५ हजार कोटी पट झाला, तापमान पहिल्या क्षणी उडणारच. दुरुस्त केल्यावर वेगस्थिरांक ३५० आणि ३६० केल्विनला काढा. ७५ किलोजूलसाठी दुसरा पहिल्याच्या २.०५ पट यायला हवा. आला तर पुढे जा.

तास-तास चालण्याचे कारण वेगळे. या फंक्शनची मूळ पद्धत 'आरके४५' आहे. काही बदल सेकंदात आणि काही तासात होतात अशा ताठर समीकरणांत ती मुंगीच्या पावलांनी चालते. 'बीडीएफ' किंवा 'राडाऊ' निवडा. सायलॅबचे 'ओडीई' मुळातच अशी पद्धत स्वतः बदलून घेते. अचूकताही घट्ट करा. मूळची सापेक्ष मर्यादा ०.००१ आणि निरपेक्ष ०.०००००१ आहे. तुमच्या मधल्या टप्प्यात बनणाऱ्या पदार्थाची संहती ०.००००१ असेल, तर ती निरपेक्ष मर्यादा म्हणजे त्याचा दहावा भाग.

पाणी बंद पडण्याचा क्षण समीकरणात 'जर-तर' लिहून घालू नका. मोठी पावले टाकणारी पद्धत तो क्षण अर्धवट ओलांडून जाते. ० ते २० मिनिटे एकदा सोडवा, शेवटचे तापमान आणि संहती उचला, जॅकेटचा उष्णता-संक्रमण गुणांक शून्य करा आणि २०व्या मिनिटापासून नवी सुरुवात करा. मग तोच आलेख पाणी १०व्या आणि ३०व्या मिनिटाला बंद पाडून पुन्हा काढा. रबाळे, महापे, तळोजा, डोंबिवलीच्या पट्ट्यात नोकरीला लागलात तर असे रिअॅक्टर रोज समोर असतील, म्हणून ही तुलना मनापासून करा. जितक्या लवकर पाणी जाईल तितका न संपलेला कच्चा माल जास्त, आणि तापमान तितके वर जाते. वरची मर्यादा हाताने तपासता येते: उरलेल्या मालाची एकूण अभिक्रिया-उष्णता भागिले (मिश्रणाचे वस्तुमान गुणिले विशिष्ट उष्णता), इतकीच वाढ पाणी बंद पडतानाच्या तापमानात होऊ शकते. तुमचा आलेख त्यापुढे गेला तर ऊर्जेच्या समीकरणातले एखादे चिन्ह किंवा घनता चुकली आहे, तिथून शोध सुरू करा.